गुडघा दुखतोय म्हणून गेले, त्यांनी घोटा धरला

ह्या फिजिओथेरपी क्लिनिकला चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईलच.

आधी माझं सांगते म्हणजे कोणाला उपयोग होईल ते कळेल. वय ४६, शाळेत शिकवते म्हणजे दिवसातले पाच-सहा तास उभंच, आणि गेली सातेक वर्षं रविवारी सिंहगड. आतकरवाडीतून वर, पिठलं-भाकरी, दही, खाली. मागच्या पावसाळ्यानंतर उतरताना डावा गुडघा बोलायला लागला. चढताना काही नाही हं, फक्त उतरताना. वाटीच्या मागे कुठेतरी खोल, बोट ठेवून दाखवता येणार नाही असं. मग शाळेचा जिना उतरताना, मग नाटकाला तीन तास बसून उठलं की पहिली दहा पावलं लंगडत, असं वाढत गेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, "वयोमानाप्रमाणे थोडी झीज आहे" म्हणाले, गोळ्या, नी-कॅप, आणि जिने टाळा, मांडी घालू नका, गड बंद. पुण्यात राहून गड बंद म्हणजे काय शिक्षा आहे हे त्यांना कोण सांगणार. मग एका फिजिओ सेंटरला (हे नव्हे, दुसरं) दहा सिटिंग केली. रोज तेच, पालथं झोपा, शेक, करंटचे पॅड लावून वीस मिनिटं, मग गुडघ्यावर जेल लावून अल्ट्रासाउंड फिरवायचं. दहा दिवसांत एकाही माणसाने मला चालायला सांगितलं नाही. पडून बरं वाटायचं, जिन्यावर परत तेच.

तर ह्या क्लिनिकला मैत्रिणीच्या सांगण्यावरून गेले. पहिल्या वेळेला पूर्ण बायोमेकॅनिकल असेसमेंट असते, म्हणजे आपण कसे चालतो-हलतो आणि भार कुठे येतो त्याची तपासणी, ₹१५०० आणि सव्वा तास. पैसे ऐकून मी जरा थबकले होते, खोटं कशाला बोलू.

फिजिओ मॅडम तरुण आहेत, एमपीटी म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स झालेल्या. आल्या आल्या मला काकू म्हणाल्या, ते मी माफ केलं. पहिली पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. कधी दुखतं, किती वेळाने थांबतं, बूट किती जुने, आधी कुठे पडला-बिडला होतात का. मी नाही म्हटलं. नाटकाचं सांगितल्यावर हसल्या, म्हणाल्या ह्याला थिएटर साइनच म्हणतात, वाटीच्या सांध्याचं दुखणं असलं की गुडघा वाकवून जास्त वेळ बसवत नाही.

मग गुडघा हलवून बघितला, मेनिस्कस (सांध्यातली गादी) आणि लिगामेंटच्या टेस्ट केल्या, तिकडे गडबड नाही म्हणाल्या, आणि नंतर गुडघा सोडूनच दिला! चालायला लावलं, अनवाणी आणि बूट घालून, मागून आणि बाजूने मोबाईलवर शूटिंग. एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर उभी राहिले की उजवीकडचं कंबरेचं हाड खाली झुकत होतं, आरशात मला स्वतःला दिसलं. ही ट्रेंडेलेनबर्गची खूण, ज्या पायावर उभे त्या बाजूचा खुबा कमजोर असल्याची, त्या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये सांगितलेली, म्हणजे मशीनबिशीन काही लागत नाही, बघणारा डोळा लागतो. मग एका छोट्या यंत्राने खुब्याच्या बाजूच्या स्नायूची ताकद मोजली, उजवीकडे १५ किलो, डावीकडे ११.

आणि मग ती भिंतीची टेस्ट. पायाचा अंगठा भिंतीपासून लांब लांब नेत जायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. उजवा पाय साडेदहा सेंटीमीटरपर्यंत आरामात. डावा पाचवर अडकला. पुढे जाईचना, घोट्याच्या समोर काहीतरी पाचर मारल्यासारखं. मॅडमनी वर बघितलं, "काकू, हा घोटा कधी मुरगळला होता?" आणि मला एकदम आठवलं, बारावीत एसटीतून उतरताना पाय वाकडा पडला होता, दीड महिना हळदीचा लेप आणि क्रेप बँडेज, मग लग्न, पोरं, सगळं विसरून गेले. अठ्ठावीस वर्षं तो घोटा तसाच आखडलेला होता आणि मला पत्ता नाही.

मग त्यांनी आठ इंचाच्या पायरीवरून हळू उतरायला लावलं आणि तो व्हिडिओ स्लो करून दाखवला. पायरी उतरताना मागे राहिलेल्या पायाचा गुडघा पुढे जायला हवा, नडगी घोट्यावर पुढे झुकायला हवी. माझा घोटा झुकत नाही, मग शरीर वाट काढतं, तळपाय आत कलंडतो आणि गुडघाही आत वळतो, अंगठ्याच्याही आत. वर खुबा कमजोर, तो आवरत नाही. म्हणजे गुडघा बिचारा वरच्या आणि खालच्या मजल्याच्या भांडणात मधल्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा. (हे माझं, मॅडमचं नाही.) त्यात सपाटीवर चालताना वाटीच्या सांध्यावर आपल्या वजनाच्या साधारण निम्माच भार येतो, जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो आणि पूर्ण उकिडवं बसलं की सात-आठ पट. शिवाय उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक मारत असतो, हजारो पावलं. चढताना का दुखत नाही आणि उतरताना का, हे वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला नीट समजावून सांगितलं.

एक गोष्ट मला फार आवडली. मी विचारलं म्हणजे घोट्यामुळेच दुखतंय ना, तर म्हणाल्या असं छातीठोक सांगता येणार नाही, पुष्कळ लोकांचे गुडघे आत वळतात आणि त्यांना काहीच दुखत नाही, आणि एक्सरेतली झीजही न दुखणाऱ्यांमध्ये सापडते. आपण घोटा आणि खुबा सुधारू, गडाचा डोस कमी करू, आणि परत मोजू. परत मोजू, हे शब्द मी आधी कुठे ऐकले नव्हते.

ट्रीटमेंट पुढे बारा आठवडे, आधी आठवड्यातून दोनदा, नंतर पंधरा दिवसांतून एकदा, ₹६०० एका वेळेचे. घोट्याला पट्टा अडकवून त्या एका बाजूने ओढतात आणि आपण गुडघा पुढे न्यायचा, विचित्र दिसतं पण उठल्यावर लगेच एक-दीड सेंटीमीटर जास्त जातं, दुसऱ्या दिवशी थोडं परत जातं, म्हणून घरी पोटरीचे व्यायाम. वाटीवर टेप लावला तर त्या दिवशी जिना जवळजवळ न दुखता उतरले, पण तिसऱ्या दिवशी खाज सुटली म्हणून सोडला. बाकी कुशीवर झोपून पाय उचलणं, रबराचा बँड लावून खेकड्यासारखं चालणं, आणि पायरीवरून उतरायचा सराव. त्यासाठी मी घरचा पाट वापरला, सुरुवातीला पुरेसा आहे, नंतर दोन पाट एकावर एक ठेवले आणि घसरले, तसलं काही करू नका, जिन्याची पायरी वापरा. नियम एकच, दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा होता तसा पाहिजे. सिंहगडाऐवजी दोन महिने तळजाई टेकडी, मग पर्वती, १०३ पायऱ्या, चढायच्या भराभर आणि उतरायच्या मोजून मापून.

बाराव्या आठवड्यात परत सगळं मोजलं. घोटा पाचवरून साडेआठ. खुबा ११ वरून १४ किलो. त्याच पायरीवर आधी दहापैकी सहा दुखायचं, आता एक. व्यायाम आठवडाभर चुकवले तर कुरकुरतो अजून, नाही असं नाही.

आता पाचवा स्टार.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याचं क्लिनिक! पायऱ्या जुन्या वाड्यासारख्या उंच, मला तर वाटलं हीच पहिली टेस्ट आहे. पार्किंग नाही. संध्याकाळी सहाची वेळ दिली तर पावणेसातला आत. चौथ्या वेळेपासून मॅडमऐवजी इंटर्न मुलगी, गोड आहे पण तिने मला मागच्या आठवड्याचेच व्यायाम परत शिकवले, मी म्हटलं बाळा फाईल बघ. व्यायामाचे व्हिडिओ पाठवतात ते सगळे इंग्रजीत.

आणि इनसोलचं, म्हणजे बुटात घालायच्या तळव्याच्या गादीचं प्रकरण. काउंटरवर एक पाय ठेवायचं मशीन आहे, तळव्याचा लाल-पिवळा-निळा नकाशा निघतो, आणि तिथला मुलगा लगेच "तुमचं पायाच्या आतल्या बाजूला प्रेशर जास्त आहे मॅम, कस्टम इनसोल करून घ्या, ₹४५००." आता गंमत बघा, आतमध्ये मॅडमनी त्याच पायाच्या आतल्या बाजूच्या हाडावर पेनाने टिंब काढून बसून आणि उभं राहून उंची मोजली होती, फरक ७ मिलिमीटर, दहाच्या पुढे गेला तर कमान जास्त खचते असं धरतात, म्हणजे माझी कमान ठीक आहे हे त्यांच्याच फाईलमध्ये लिहिलेलं! मी फाईल घेऊन परत आत गेले. मॅडम जरा ओशाळल्या, म्हणाल्या तुम्हाला गरज नाही. काही जणांना सुरुवातीला इनसोलने आराम पडतो, पण रंगीत कागद बघून सगळ्यांच्या गळ्यात मारायची ती वस्तू नाही. हे बाहेरच्या मुलाला कोणीतरी सांगा.

माझं बघून आईलाही नेलं (जिन्यावर अर्धा तास, सांगतेच आहे). ती ७४, उजव्या गुडघ्याची झीज, काठी उजव्याच हातात. मॅडमनी पहिली काठी हातातून काढून डाव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली की खुब्याचा आणि गुडघ्याचा भार कमी होतो. तीन वर्षं आम्ही घरातले सगळे ते बघत होतो, एकालाही कळलं नाही. मग खुर्चीतून हात न टेकवता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं, सात. ह्या वयाच्या बायकांना दहाच्या खाली म्हणजे कमी. दोन महिन्यांनी दहा झाले तेव्हा आईने ते अख्ख्या सोसायटीला सांगितलं, वॉचमनलाही.

जाणार असाल तर सकाळची अकराची वेळ मागा, गर्दी नसते. हाफ पँट किंवा गुडघ्याच्या वर जाईल असं काहीतरी घालून जा, मी पहिल्या दिवशी चुडीदार घालून गेले आणि त्यांची ढगळ चड्डी घालावी लागली. रोजचे झिजलेले बूट न्या, नवे नको. आधीचे एक्सरे न्या. कुठल्याही फिजिओकडे जा पण भिंतीवर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) म्हणजे साडेचार वर्षं शिकलेला माणूस असतो, आणि मालिश करणारेही हल्ली फिजिओची पाटी लावतात. असेसमेंट मॅडमच करणार का हे फोनवरच विचारून घ्या. आणि इनसोलवाल्याला सांगा, आधी आत जाऊन येते.