कबुतरांच्या बोगस ‘डॉक्टर’ने माझे १७,४०० रुपये नेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी रक्कम सांगतो, कारण काही जण ‘दोन-चार हजारांचा विषय आहे’ असं पसरवतायत. सल्ल्याचे ५०० रुपये. ‘लॅब तपासणी’चे १,२००. ‘बेल्जियम कोर्स’ नावाच्या औषधाचे ४,८००. मानमोडीच्या, म्हणजे कबुतराची मान पिळवटणाऱ्या आजाराच्या ‘इंजेक्शन’चे ७,५००. आणि तेच इंजेक्शन कस्टममध्ये अडकलंय म्हणून सोडवून घ्यायला ३,४००. एकूण १७,४०० रुपये, सगळे यूपीआयने, सगळ्यांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. मेलेली कबुतरं यात धरलेली नाहीत. कराडहून सोडलं की तासाभरात कोल्हापुरात ढाबळीवर, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यावर उतरणारी मादी कितीची, हा हिशेब मला करायचाही नाही.

माणूस कसा भेटला ते लांबवत नाही. पांढरा कोट, मागे भिंतीवर प्रमाणपत्राची फ्रेम, ‘डॉक्टरसाहेबांमुळे माझा नर वाचला’ म्हणणारे तीन-चार नंबर. ते नंबर आता बंद आहेत. हे सगळं तुम्ही बघितलेलं आहे. मला ‘दादा, दादा’ करायचा आणि रात्री अकरालाही फोन उचलायचा. आमच्याकडे रात्री अकराला कबुतरासाठी फोन उचलणारा दुसरा कुणी असेल तर मला दाखवा.

आजाराची सुरुवात पातळ विष्ठेनं झाली. पाखरं भांडंच्या भांडं पाणी प्यायची आणि फळीवर नुसतं पाणी टाकायची. मग माना वळायला लागल्या. माझी निळी पट्टेवाली मादी ज्वारीच्या दाण्यावर चोच मारायची आणि चोच दाण्याच्या बाजूला आपटायची. पुन्हा मारायची, पुन्हा चुकायची. मग मान पिळवटून डोकं खाली, चोच आभाळाकडे, आणि ती जागच्या जागी गोल गोल फिरायची. पुढ्यात दाणा असून पाखरू उपाशी. ज्यानं हे आपल्या ढाबळीत बघितलंय तो मला ‘एवढी घाई कशाला केलीस’ असं विचारणार नाही.

आता जी गोष्ट आठवली की अजून डोकं भणभणतं ती. त्यानं विष्ठेचा नमुना डबीत आणि घशातला चिकट स्राव कापसाच्या काडीवर घेऊन कुरिअर करायला सांगितलं. केलं. दोन दिवसांनी सकाळी रिपोर्ट आला, शिक्का-सही सगळं. कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) दोन अधिक, कँकरचे (घशाच्या रोगाचे) जंतू तीन अधिक, म्हणजे लागण जोरात. आणि त्याच दिवशी दुपारी कुरिअर कंपनीचा मेसेज: तुमचं पार्सल हबमध्ये पोचलंय, उद्या वितरित होईल. दोन्ही मेसेज माझ्याच फोनवर, एकाखाली एक. नमुना अजून रस्त्यात आणि निदान हातात! मी दोन्ही वाचले. मला वाटलं, कुरिअरवाल्यांचे मेसेज नेहमीच उशिरा येतात. तसे येतातही, हे कुणीही सांगेल. पण मी त्याला एका ओळीत ‘नमुना पोचला का?’ एवढं विचारलं असतं तर पुढचे १५,७०० रुपये वाचले असते. त्या वेळी मी पिळवटलेल्या मानेची पाखरं एका हातात धरून दुसऱ्या हातानं भिजवलेले हरभरे भरवत होतो. कुरिअरची वेळ तपासत कोण बसतो?

आणि हे लिहून ठेवा. कँकरचा जंतू घशातल्या ताज्या, कोमट स्रावात सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघायचा असतो, तेव्हा तो हलताना दिसतो. वाळला, गार पडला की संपला. विष्ठेतली कॉक्सिडियाची अंडी प्रवासात टिकतात, पण कुरिअरनं आलेल्या कापसाच्या काडीवर जिवंत कँकर बघून दाखवतो म्हणणारा सरळ खोटारडा आहे. हे मला नंतर पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, एक पैसा न घेता.

‘बेल्जियम कोर्स’ म्हणून आल्या त्या झिपच्या पिशव्या. पांढरी पावडर, वर नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. पेनानं फक्त ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’. पाण्यात मिसळून द्यायची. ज्या आजारात पाखरू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं त्या आजारात पाण्यातून मोजून औषध जाणारच कसं? कँकरवर दिली जाणारी काही औषधं जास्त झाली तर त्यांनीच पाखराचा तोल जातो, झटके येतात. म्हणजे आजारानं मान वाकडी की पावडरनं, हेही कळायला मार्ग राहिला नाही. पाखरं आणखी ढासळली, तर साहेब म्हणतात, ‘दादा, औषध लागू पडतंय, विष बाहेर निघतंय.’

पॅरामिक्झो म्हणा, मानमोडी म्हणा, हा विषाणूचा आजार आहे. त्याला औषध नाही. बेल्जियमचं नाही, जर्मनीचं नाही, कुठलंच नाही. लस आहे, पण ती निरोगी पाखराला आधी द्यायची असते. आजारी पडलेल्याला टोचून ते बरं होत नाही. त्यामुळे ७,५०० रुपयांचं ‘बरं करणारं इंजेक्शन’ ही वस्तूच जगात नाही. आजारी पाखरू वेगळं काढा, खोल वाटीत दाणा भरून ठेवा म्हणजे चोच चुकली तरी दाण्यातच पडते, नाही जमलं तर हातानं भरवा. काही आठवड्यांत बरीच पाखरं सावरतात. माझी निळी मादी सावरली नाही.

आता सरकारी दारं. जवळच्या दवाखान्यात गेलो तर ‘गाय-म्हैस असेल तर बोला, कबुतराचं आमच्याकडे काही नाही.’ खुर्चीवरून उठून पिंजऱ्यात बघितलंसुद्धा नाही. पोलीस ठाण्यात हवालदारानं मागच्याला हाक मारून सांगितलं, ‘अरे, कबुतरांच्या डॉक्टरनं फसवलंय यांना,’ आणि सगळे हसले. हसू दे. पण तक्रार? म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात द्या. ठाणेवाले म्हणे आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. बँक म्हणे पिन तुम्हीच टाकलात. बोगस डॉक्टर म्हणून तक्रार करायला गेलो तर त्याचा नोंदणी क्रमांक द्या म्हणाले. अहो, क्रमांक नाही हीच तर तक्रार आहे! मी कर भरतो, गाडीचा विमा भरतो, पाणीपट्टी भरतो. १७,४०० रुपये चोरले तर ते चोरी धरायला नेमके किती चोरले पाहिजेत, तो आकडा एकदा भिंतीवर लिहून तरी लावा.

आणि कायदा नाही असं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. नोंदणी नसताना पशुवैद्य म्हणून उपचार करता येत नाहीत. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘तिकडे जा’ म्हणाले की हे कलम तोंडावर सांगा, आणि लेखी अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. मी कस्टमच्या बहाण्यापर्यंत थांबलो, तोवर खात्यातून पैसे पुढे गेलेले होते.

‘डॉक्टर’ला नोंदणी क्रमांक विचारा, जो चिडला त्याला तिथेच सोडा. लेबल नसलेली पावडर ढाबळीत आणू नका, कुणी फुकट दिली तरी. डॉक्सीसायक्लिन किंवा टेट्रासायक्लिन चालू असेल तर ग्रिट (पाखरांना देतो ते खडे-शिंपल्यांचं मिश्रण) आणि कॅल्शियम काढून ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. घशातला पिवळा थर काडीनं खरवडू नका, रक्त येतं. देवीचे फोड हेही विषाणूचंच काम, त्यावर अँटिबायोटिक विकणाऱ्यालाही हाकला आणि डासांची जाळी लावा. बाजारातून आणलेली जोडी किमान तीन आठवडे वेगळी ठेवा, मग ती कुणाच्याही रक्ताची असो. पाखरू मेलं तर फ्रीझरमध्ये गोठवू नका, बर्फात गार ठेवा आणि पशुवैद्याचं पत्र घेऊन शवविच्छेदनाला द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

तो माणूस अजून चालू आहे. परवाच दुसऱ्या नावानं, त्याच भिंतीसमोर, तीच फ्रेम मागे घेऊन ‘मानमोडीवर खात्रीशीर इलाज’ म्हणत होता. ज्यांचे पैसे त्यानं घेतलेत त्यांनी रक्कम लहान म्हणून गप्प बसू नये. आपापल्या ठाण्यात अर्ज द्या, त्याचा यूपीआय आयडी अर्जात लिहा आणि पोचेची प्रत मला पाठवा. पाच-सहा अर्ज जमले की मी ते एकत्र घेऊन थेट पोलीस अधीक्षकांकडे जाणार आहे.