फॉग कॅनन, साधा पाइप की गेटवरची धुलाई: छोट्या साइटने धुळीचा पैसा कुठे लावावा

एक एकराखालचा प्लॉट, तीन बाजूंना राहत्या इमारती, चौथीकडे वर्दळीचा रस्ता. मुंबईतल्या पुनर्विकासाचं हे नेहमीचं चित्र. पालिकेच्या ऑक्टोबर 2023च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा साइटला कुंपणाला निदान 25 फुटी पत्रे लागतात (प्लॉट एक एकराहून मोठा किंवा इमारत 70 मीटरहून उंच असेल तर 35 फुटी). शिवाय इमारत चहूबाजूंनी झाकायची, पाडकामात पाणी मारत राहायचं, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुवायची. यातून सुटका नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की कशावर किती खर्च करायचा. बहुतेक साइटवर आधी दिसायला भारी यंत्र येतं आणि धूळ जिथे उठते तिथे पाण्याचा पाइपही पोचलेला नसतो.

फॉग कॅनन की पाइप?

फॉग कॅनन म्हणजे पाण्याचे बारीक तुषार लांबवर फेकणारा मोठा पंखा. दोघांची कामं वेगळी आहेत. हवेत तरंगणारा बारीक कण पकडायला 10 ते 150 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब लागतात. थेंब फार मोठा असला तर कण त्याच्याभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतो, भिजत नाही. उलट, धूळ उठूच नये म्हणून माल भिजवायचा तर 200 ते 500 मायक्रॉनचे जड थेंब हवेत. कॅनन पहिलं काम करतो, तेही वारा पडलेला असेल तोवर. वारा सुटला की तुषार शेजारच्या गच्चीवर जातात. पाण्याचा हिशेबही करून बघा: यंत्राच्या नेमप्लेटवर मिनिटाला 40 लिटर लिहिलं असेल तर तासाला 2,400 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचा टँकर चार तासांत आटोपला.

पाडकामात ब्रेकरच्या (काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राच्या) टोकावर रोखलेला पाइप आणि तो धरणारा एक माणूस कॅननपेक्षा जास्त धूळ दाबतो. राडारोडा डंपरमध्ये भरण्याआधी भिजवायचा. भरताना वरून मारलेलं पाणी आतल्या कोरड्या ढिगापर्यंत जात नाही. साइटमधल्या कच्च्या वाटेला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर थर. 300 चौरस मीटरला एका फेरीत 300 लिटर पुरतात. उन्हाळ्यात एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा थोडं थोडं, पण वरचेवर मारा. जास्त झालं की चिखल, आणि तोच चिखल चाकांना लागून रस्त्यावर जातो.

पाडकाम मोठं असेल तर कॅनन भाड्याने आणा, विकत घेऊ नका. पत्र्यांच्या कडेने बारीक नोझलची लाइन टाकणार असाल तर आधी फिल्टर बसवा. बोअरच्या जड पाण्याने नोझल भराभर बुजतात. खारं पाणी सळयांवर उडू देऊ नका, त्यातल्या क्लोराइडने सळया गंजतात: आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात आयएस 456 ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता लिटरला 500 मिलिग्रॅमच क्लोराइड चालवून घेते. वाट ओलसर ठेवायला मॅग्नेशियम क्लोराइड सुचवणारेही भेटतील. तेही क्लोराइडच, म्हणून सळई जिथे पडते, वाकवली जाते तिथे ते नकोच. आणि अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी तुषारात वापरू नये, ते थेट माणसांच्या फुप्फुसात जातं.

हिरवी जाळी, ताग की ताडपत्री?

हिरवी जाळी वाऱ्याचा जोर मोडते, ढेकळं-खपल्या अडवते. बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते. तागाचं कापड ओलं ठेवलं तर बरीच धूळ धरतं, पण भिजून जड होतं आणि लवकर कुजतं. ताडपत्री सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात धोक्याची. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरमागे सुमारे 24 किलोचा दाब येतो. 100 चौरस मीटरला तो जवळजवळ अडीच टन झाला. इमारतीला पक्की न बांधलेली परांची एवढा भार घेत नाही. म्हणून पाडकामाला खालच्या मजल्यांपुरती ताडपत्री आणि वर दुहेरी जाळी ही जोडी बरी पडते. मात्र परांचीचे टाय (तिला इमारतीशी बांधणारे जोड) ताडपत्रीचा वारा धरून मोजायचे.

कटिंग: पाणी की व्हॅक्यूम?

साइटवरच्या माणसाला सगळ्यात जास्त इजा इथे होते. काँक्रीट-टाइल कापताना उडणारी सिलिकाची भुकटी डोळ्याला दिसते त्याहून बारीक असते. उघड्यावर कटर चालवायचा तर पाण्यासकट: हातातल्या मोठ्या कट-ऑफ सॉला (चकतीच्या करवतीला) मिनिटाला निदान अर्धा लिटर, तेही थेट ब्लेडवर. बाटलीने मधूनमधून शिंपडलेलं पाणी हिशेबात धरू नका. विजेच्या यंत्राला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. खाली साठलेला गाळ ओला असतानाच उचला. वाळला की पायाखाली त्याची पुन्हा धूळ होते.

आतल्या भिंतींत वायरिंगसाठी झिरी पाडताना पाणी नको असतं. तिथे ग्राइंडरला झाकण-कव्हर आणि एम-क्लास (घातक बारीक धुळीसाठीचा) व्हॅक्यूम लावा. ब्लेडच्या दर इंचाला 25 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) ओढ धरा, म्हणजे साडेचार इंची ब्लेडला साधारण 112. घरगुती व्हॅक्यूमचा फिल्टर ही भुकटी मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) तर हातकरवतीने कापता येतो. त्याला ग्राइंडर लावणं ही निव्वळ सवय.

गेट

छोट्या प्लॉटवर स्वयंचलित व्हील वॉशला जागाच नसते. गेटच्या आत काँक्रीटचा उतार, हातातला जेट आणि तीन कप्प्यांची गाळटाकी पुरते. उताराची लांबी चाकाच्या दोन फेऱ्यांएवढी हवी: एक मीटर व्यासाच्या चाकाला सहा-सात मीटर. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही तर तो पावसाळी गटारात उतरतो. बाहेरचा रस्ता कोरड्या झाडूने झाडायचा नाही, आधी शिंपडायचं.

सेन्सर

हवेतली धूळ मोजणारा सेन्सर नोझलजवळ किंवा कॅननच्या टप्प्यात बसवू नका. लेझरवर चालणारे स्वस्त सेन्सर पाण्याचे तुषारही धूळ म्हणून मोजतात, आणि पाणी मारलं की आकडा उलट चढतो. तो पाहून कोणीतरी पाणीच बंद करतं.