हिरडा अख्खाच घ्या: रविवार पेठेतलं एक काष्ठौषधींचं दुकान

भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात हे दुकान आहे. पाटी कळकट, आत दोन गिऱ्हाइकं जेमतेम मावतात. "हिरडा द्या" म्हटल्यावर काकांनी उलट विचारलं, "कुठला? बाळ, चांभारी की सुरवारी?" म्हणजे कोवळा, अर्धवट तयार की पूर्ण पिकलेला. मी तिथेच खूश. माझं माहेर आंबेगावच्या डोंगराकडचं. उन्हाळ्यात अंगणभर बाळहिरडा वाळत पडलेला असायचा, त्यामुळे हा प्रश्न विचारणारा दुकानदार मला घरचाच वाटतो.

पाव किलो बाळहिरडा घेतला, 110 रुपये. काळाकुळकुळीत, सुरकुतलेला, कट्‌कन मोडणारा. घरी पाण्यात टाकला, सगळा तळाला गेला. चांगल्या हिरड्याची जुनी माणसं हीच खूण सांगायची.

त्रिफळा चूर्णाचे मात्र गुण कापते. पुडीवर दळल्याची तारीख नाही, वास कुबट, आणि वर ठसठशीत अक्षरांत "अँटिऑक्सिडंटने भरपूर".

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं काढली. एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी कुठल्यातरी रानपाल्याचा अर्क घेऊन डीपीपीएच टेस्टला, म्हणजे अँटिऑक्सिडंटची ताकद मोजायच्या परीक्षेला, बसायची. जांभळं द्रावण पिवळं पडलं, 517 नॅनोमीटरला प्रकाश शोषण्याचं रीडिंग उतरलं, की पोरं नाचायची. हिरडा त्यात कायम वरच्या नंबरात, कारण चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक, गॅलिक, इलॅजिक अशी आम्लं आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, त्यात खच्चून भरलेलं. पण त्या परीक्षेत चहाची पत्तीही झकास पास होते! नळीत रंग उडाला म्हणून पोटात गुण येईलच असं नाही. यातले मोठाले रेणू रक्तात फारसे शिरतच नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात, तेही प्रत्येकाच्या पोटात सारखं बनत नाही. पुडीवर हे कोण छापणार?

तरी तपासून बघायची सवय जाईना. हिरड्याचा आणि चूर्णाचा वेगवेगळा काढा केला. गंजका खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला आणि ते पाणी दोन्ही काढ्यांत थेंब थेंब सोडलं. हिरड्याचा काढा क्षणात शाईसारखा निळाकाळा झाला. चूर्णाचाही झाला. लोखंडाशी गाठ पडली की टॅनिन असंच काळं पडतं, म्हणजे टॅनिन आहे. किती आणि कशाचं, ते या खिळ्याला विचारून उपयोग नाही. भेसळीचा आळ मी घेणार नाही, पण कुबट ते कुबटच.

पुन्हा गेले तेव्हा काकांना सांगितलं. म्हणाले, "चूर्ण बाहेरून येतं ताई. तुम्ही अख्खंच नेत जा."

"मग ठेवता कशाला?"

"लोक मागतात."

अख्ख्या मालासाठी पाच तारे, चूर्णासाठी दोन. गाडी लावायला जागा शोधू नका, चालतच जा. बाळहिरडा एरंडेलात परतून घ्या, फुगला की खलबत्त्यात सहज कुटला जातो. सुरवारी मात्र मिक्सरमध्ये घालू नका, आतल्या आठळीनं माझं पातं गेलं.