एकाच दिवशी घेतलेले दोन फोन: 21 महिन्यांनंतर बॅटरीचं काय झालं

2023 च्या दिवाळीत आम्ही दोन फोन घेतले. एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे, रंग तेवढा वेगळा. एक माझा, एक बायकोचा. 5000 एमएएचची बॅटरी, 33 वॉटचा चार्जर, मधल्या किमतीतला फोन. कंपनीचं नाव देत नाही, कारण सांगायचंय ते त्या कंपनीपुरतं नाही. आज श्रावणात, 21 महिन्यांनी, सेटिंगमध्ये माझ्या फोनची बॅटरी हेल्थ (नवी असताना मावायचा त्यातला किती चार्ज आता मावतो, तो आकडा) 87 टक्के दिसते आणि तिच्या फोनची 94. मॉडेल तेच, गाव तेच, रात्री चार्जिंगला लावायचा प्लगसुद्धा तोच. मग हा सात टक्क्यांचा फरक कुठून आला, हे मला मनापासून समजून घ्यायचं होतं. आंब्याच्या सीझनमध्ये फोन बंद पडला तर आमचा धंदाच थांबतो.

आमचं घर देवगड तालुक्यात, आंब्याची कलमं वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. बायको शाळेत शिकवते; तिचा फोन दिवसभर पर्समध्ये, डोक्यावर पंखा. माझा फोन मार्च ते मे सकाळपासून गाडीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये, नाहीतर कातळावर, नाहीतर पॅकिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गिऱ्हाइकांचे फोन, पेट्यांचे फोटो, व्हिडिओ कॉलवर फळ दाखवणं, ट्रान्सपोर्टवाल्याला लोकेशन पाठवणं. पहिल्या वर्षी मी याचा विचारच केला नव्हता. आकडे मात्र सुरुवातीपासून हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते, ते आता कामी आले.

मार्च 2024 च्या सुरुवातीला माझा 98, तिचा 99. जूनच्या मध्यावर माझा 93, तिचा 97. म्हणजे साडेतीन महिन्यांत माझे पाच टक्के गेले. पुढे पावसाळा, दिवाळी आणि थंडी धरून आठ महिन्यांत, फेब्रुवारी 2025 अखेरपर्यंत, माझे आणखी तीनच गेले. वापर चालूच होता, चार्जिंगही रोजचंच. वहीत हे दोन आकडे एकाखाली एक बघितले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बॅटरी चार्ज करून करून जेवढी झिजली, त्याहून जास्त उन्हाळ्यात भाजून निघाली.

त्या पहिल्या मे महिन्यातला एक दिवस सांगतो. मुंबईच्या गाडीला पेट्या द्यायच्या होत्या, फोन 40 टक्क्यांवर आलेला. शेडमध्ये प्लगजवळ आंब्याची आढी होती. मी फोन चार्जिंगला लावला आणि मऊ जागा म्हणून आढीवरच्या पेंढ्यावरच ठेवला, मागच्या जाड रबरी कव्हरसकट. तासाभराने उचलला तर कानाला लावता येईना इतका तापलेला. स्क्रीनवर संदेश होता की तापमान जास्त असल्यामुळे चार्जिंग थांबवलं आहे. ॲपमध्ये बॅटरीचं तापमान 46 अंश. आढीत हात घालून बघितलेल्या कोणालाही कळेल की आत किती ऊब असते. पिकणारं फळ श्वास घेतं, उष्णता सोडतं आणि पेंढा ती बाहेर जाऊ देत नाही. फळाला हवी असलेली ती ऊब फोनच्या पोटातल्या बॅटरीला सोसत नाही. वर तापलेला पत्रा, आत चार्जिंगची स्वतःची उष्णता, आणि बाहेर पडायची वाट कव्हरने अडवलेली.

बॅटरीच्या आत काय होतं, ते मी वाचून समजून घेतलं. आपल्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूच्या थरातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. या येण्याजाण्यात थोडं लिथियम ग्राफाइटवर बसणाऱ्या एका पातळ पापुद्र्यात अडकतं आणि पुन्हा हाती लागत नाही. पापुद्रा लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी टिकणार नाही. पण तो हळूहळू जाड होत जातो. उष्णता असली की ही प्रक्रिया वेगाने चालते. रसायनशास्त्रातला ढोबळ आडाखा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की आतला व्होल्टेज चढा असतो आणि झीज आणखी वाढते. भरलेली आणि तापलेली, ही बॅटरीची सगळ्यात वाईट अवस्था, आणि पहिल्या उन्हाळ्यात शेडमध्ये चार्ज होऊन माझा फोन रोज त्याच अवस्थेत पोचायचा.

मला हे समजायला झाडांना पाणी घालायची झारी उपयोगी पडली. विहिरीच्या पाण्याचा क्षार झारीला आतून बसत जातो. एक तर पोटात पाणी कमी मावतं, आणि दुसरं म्हणजे तोटी बुजत येते. बॅटरीचंही तसंच, दोन दुखणी एकदम वाढतात. हेल्थचा आकडा पोटाचं सांगतो. तोटी बुजणं म्हणजे बॅटरीचा आतला रोध, म्हणजे वीज वाहताना होणारा अडथळा, वाढणं, आणि ते त्या एका आकड्यावरून नीट कळत नाही. ते वापरताना कळतं. आमच्या आईच्या जुन्या फोनला 18 टक्के चार्ज दिसायचा, कॅमेरा उघडला की फोन एकदम बंद. चार्जिंगला लावला की परत 15 दाखवणार. चार्ज खोटा नव्हता. कॅमेऱ्याने एकदम जास्त वीज मागितली, रोध वाढलेल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी खाली बसला आणि फोनने स्वतःला बंद केलं. ज्यांचा फोन असा अचानक बंद पडतो, त्यांनी हेल्थचा आकडा कितीही चांगला असला तरी बॅटरी थकली असण्याची शक्यता धरावी.

रेंजचाही इथे मोठा वाटा आहे. सड्यावर काही ठिकाणी एक काडी येते, काही ठिकाणी तीही नाही. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो, सारखा शोधत राहतो, गरम होतो आणि चार्ज भरभर उतरतो. पावसाळ्यात घरी वायफायवर असताना संध्याकाळी 55 टक्के उरतात. सड्यावर दुपारी दोनलाच 30. दिवसातून दोनदा चार्ज करावं लागलं की सायकल वाढतात. सायकल म्हणजे प्लग लावण्याची संख्या नव्हे. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी वापरली की दोन दिवसांची मिळून एक सायकल. माझ्या फोनवर आज 640 सायकल आहेत, तिच्या 410. म्हणजे फरकाचं सगळं खापर उन्हावर फोडता येणार नाही, काही भाग जास्त वापराचाही आहे. पण सायकल वर्षभर वाढतच होत्या आणि हेल्थ मात्र जास्त करून उन्हाळ्यात घसरली, हे वहीत स्पष्ट दिसतं.

आता बाबांच्या सल्ल्याबद्दल. ते म्हणायचे, पूर्ण उतरू दे आणि मग भर. तो सल्ला त्यांच्या काळी बरोबर होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट चार्जची सवय लागायची. लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 साली बाजारात आणली, तिला असली सवय लागत नाही. उलट शून्याला नेणं तिला जाचतं. दुसरा सल्ला होता, "चार्जिंग वरसून काढू नको, लाईट कधी जातली सांगाक येणा नाय." यातलं भय खरं आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता आणि भरलेला फोन हाच आधार होता. ते विसरून कोणी मला 80 टक्क्यांचे धडे दिले तर मी ऐकणार नाही. वादळाचा इशारा असला, पावसाची झड लागली की मी बेधडक 100 टक्के भरून ठेवतो. नुकसान होतं ते महिनोन् महिने भरलेल्या अवस्थेत गरम ठेवण्याने, चार दिवसांच्या गरजेने नव्हे.

महिनोन् महिने तसं ठेवलं तर काय होतं, तेही घरातच बघितलं. माझा त्याआधीचा फोन शेडमध्ये हॉटस्पॉट म्हणून ठेवला होता, चोवीस तास चार्जरला लावून. वर्षभरात त्याचं मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं. टेबलावर पाठीवर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरायला लागला, तेव्हा कळलं की मधोमध फुगवटा आलाय. आतलं द्रव विघटित होऊन वायू धरतो, म्हणून बॅटरी फुगते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. आग लागली तर विझवणं कठीण असतं. मी फोन बंद केला, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवला आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ही हात जोडून विनंती.

या वर्षीच्या मार्चपासून मी सवयी बदलल्या. गाडीवरचा होल्डर काढला, फोन पिशवीत. चार्जिंग शेडमध्ये बंद. दुपारी जेवायला घरी आलो की माजघरातल्या गार लादीवर, कव्हर काढून. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबायचा पर्याय चालू केला. जिथे रेंज नाहीच, तिथे फोन विमान मोडवर. आणि चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल करायचा नाही, हे सगळ्यात जड गेलं, कारण गिऱ्हाइक नेमकं तेव्हाच फळ बघायला मागतं. फास्ट चार्जरची भीती मी सोडली. गार जागी तो मला त्रासदायक वाटला नाही, आणि 80 च्या पुढे फोन स्वतःच वेग कमी करतो.

निकाल असा: मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत माझा 90 वरून 88, बायकोचा 95 वरून 94. गेल्या उन्हाळ्यात माझे पाच गेले होते, या उन्हाळ्यात दोन. सगळं श्रेय मी सवयींना देत नाही. नवी बॅटरी सुरुवातीला जरा वेगाने घसरते आणि मग स्थिरावते; बायकोचेही पहिल्या उन्हाळ्यात दोन आणि यंदा एक गेला. तरीही पाचाचे दोन झाले, याचं मला समाधान आहे.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? फोन आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजून अंदाज बांधतो. गेल्या हिवाळ्यात एका अपडेटनंतर माझा 90 चा 91 झाला आणि दोन आठवड्यांनी परत 90. झीज उलटत नाही, अंदाज बदलला होता. म्हणून मी चार्जर आणि केबलमध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर घेतला. मार्चमध्ये 20 पासून 80 टक्क्यांपर्यंत भरायला बायकोच्या फोनने 13.1 वॉट-अवर (विजेचं माप) घेतले, माझ्याने 12.4. हे प्रमाण तेव्हाच्या 95 आणि 90 या हेल्थच्या आकड्यांशी जुळतं. तरी एकेका टक्क्यासाठी जीव जाळू नये, तीन-चार महिन्यांचा कल बघावा.

आणखी एक, खास आपल्या किनाऱ्यासाठी. गेल्या ऑगस्टमध्ये माझं चार्जिंग एकदम मंदावलं, दोन तासांत 25 टक्के. बाजारपेठेतल्या दुकानातला मुलगा म्हणाला, "दादा, बॅटरी गेली, बदलून टाका." घरी येऊन टॉर्चच्या उजेडात केबलचं टोक बघितलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. खारी दमट हवा. नवी केबल लावली, फोन पूर्ववत. बॅटरी बदलायच्या आधी केबल, चार्जर आणि पोर्ट बघा. आईच्या फोनला त्याच बाजारात स्वस्तातली बॅटरी घातली होती, ती तीन महिन्यांत बसली. शिवाय पाठ उघडताना आतला डिंक सुटला आणि पुढच्या पावसात कॅमेऱ्याच्या काचेत आतून बाष्प धरलं.

हेल्थ 80 टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायची वेळ झाली, असं साधारणपणे धरतात. ॲपलने आयफोन 14 पर्यंत 500 सायकलला 80 टक्के सांगितले होते, आयफोन 15 पासून 1000. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून विकायला येणाऱ्या फोनला 800 सायकलनंतर 80 टक्के राखणं बंधनकारक आहे. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी मी हाच आकडा विचारणार आहे, आणि तुम्हीही विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साईटवर शोधा.

माझा 87 चा 80 व्हायला, याच गतीने, अजून दीडेक वर्ष जाईल असं वाटतं. तेव्हा कंपनीच्या केंद्रातूनच बॅटरी बदलून घेईन, आणि तीही दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर, मोहोर यायच्या आधी. पावसात फोनची पाठ उघडू देणार नाही.