कॅसिओ एफ-९१डब्ल्यू घड्याळ आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं सांधारोपण झालं. त्याआधी सोसायटीतल्या आम्हा बायकांचा पावलं मोजायचा गट होता. मनगटावर बँड, रात्री आकडा गटावर टाकायचा, १०,००० च्या खाली गेलं की लगेच ‘काय गं, आज दांडी?’

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मी वॉकर धरून पहिल्यांदा एकटी बाल्कनीपर्यंत जाऊन आले. बँडवर पावलं पाच. वॉकर धरला की मनगट हलत नाही, म्हणून बँडला चालणं कळत नाही, हे फिजिओथेरपिस्टनी नंतर समजावलं. पण त्या रात्री तो आकडा बघून मला रडू आलं होतं. बँड काढला तो काढलाच. पुढे वाचनात आलं की १०,००० चा आकडा जपानमध्ये १९६५ साली आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. माझ्या गुडघ्याशी त्याचा काय संबंध?

डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली, तेव्हा लक्ष्मी रोडवरून हे घड्याळ आणलं. १९८९ पासूनचं मॉडेल, वजन जेमतेम २१ ग्रॅम, बॅटरी सात वर्षं चालते असं कंपनी सांगते. डावीकडचं खालचं बटण दोनदा दाबलं की स्टॉपवॉच येतं, उजवीकडच्याने सुरू आणि बंद. पोहणाऱ्यांनी घेऊ नये, ते फक्त पाण्याचे शिंतोडे सोसण्यापुरतं आहे. पावलं, नाडी, झोप यातलं काही ते मोजत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शून्यावर आणलं की ते कालची वेळ विसरतं. लक्षात ठेवायची तर आपणच लिहायची. मी कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. पहिल्या दिवशी पुण्यातली पर्वती टेकडी चढायला १४ मिनिटं लागली, पाच वेळा थांबले. आता साडेसात-आठ मिनिटांत वर जाते, आणि वरच्या देवदेवेश्वराच्या देवळासमोर उभी राहून नणंदेशी धाप न लागता बोलू शकते.

खरी परीक्षा उतरताना असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, असं फिजिओनी घोटून घेतलं होतं. कित्येक महिने मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडून उतरत होते. शेजारून कॉलेजची मुलं धडाधड पळत जायची आणि माझी नजर त्यांच्याकडे जायची. हल्ली खाली निघताना घड्याळ पुन्हा सुरू करते आणि नजर पायरीवर ठेवते. एवढ्याशा सवयीने मला फार धीर दिला.

गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या ऑपरेशनमधून उठणाऱ्या माणसाला काही भेट द्यायची असेल, तर मी हेच घड्याळ सुचवेन. सोबत एक पेन द्या.

परवा उतरायला ९ मिनिटं १२ सेकंद लागली, आदल्या दिवसापेक्षा जास्त. पण शेवटचा सगळा टप्पा एकाआड एक पाय टाकत उतरले, कुणाचा हात न धरता. कालनिर्णयच्या चौकोनात वेळ लिहिली, आणि तिच्याखाली जागा होती तेवढ्यात ‘हात नाही’.