चकवा लागलेला अल्बम : लॉर्ड ह्युरनचा 'स्ट्रेंज ट्रेल्स'

'द नाइट वी मेट' तुम्ही ऐकलंय. नाही म्हणू नका, ब्रेकअपच्या दर दुसऱ्या रीलमागे तेच वाजत असतं. मी पण तेवढंच ऐकून होतो, 2017 ला 'थर्टीन रीझन्स व्हाय' या मालिकेत आलं तेव्हापासून, आणि लॉर्ड ह्युरनला एका गाण्याचा बँड म्हणून सोडून दिलं होतं. मग कधीतरी कळलं की ते एका अल्बमचं शेवटचं गाणं आहे, त्याच्या आधी तेरा गाणी आहेत, म्हणजे आपण इतकी वर्षं नुसता शेवट ऐकून रडत बसलोय.

अल्बम 2015 चा. बेन श्नायडर हा मिशिगनचा, चित्रं काढणारा माणूस, 2010 ला लेक ह्युरनच्या काठी एकटाच गाणी रेकॉर्ड करून आला, सरोवराचंच नाव लावलं आणि लाइव्ह वाजवायची वेळ आली तेव्हा मित्र गोळा केले. पहिल्या अल्बमला ('लोन्सम ड्रीम्स', 2012) तर पठ्ठ्याने जॉर्ज रेंजर जॉन्सन नावाचा अख्खा लेखकच रचला, म्हणे गाणी याच्या साहसकथांवरून आलीत. असा कुणी लेखक नाहीच! इतका उपद्व्याप करणारे लोक मला आवडतात.

'स्ट्रेंज ट्रेल्स'ला आपल्याकडे सरळ शब्द आहे, चकवा. रात्रभर रानात चालायचं आणि उजाडल्यावर बघावं तर तिथेच. यातली माणसं तशीच, कुणी पोरीपायी निघालेला, कुणी सूड घ्यायला मेलेल्यातून उठून आलेला, आणि सगळ्या आवाजाला असा घुमारा दिलाय की गाणारा दरीच्या पलीकडून गातोय असं वाटतं.

'फूल फॉर लव्ह' घ्या. चाल इतकी उड्या मारणारी की मी भांडी घासताना लावायचो. पोरगा निघालाय, बिग जिमला लोळवणार आणि लिलीला घेऊन जाणार, फुल कॉन्फिडन्स. तिसऱ्या-चौथ्या वेळी शब्द नीट कानावर पडले, तर हा मार खाऊन बर्फात पडलाय आणि वरून बर्फ पडतोय आणि ठेका तसाच मजेत चाललाय. कढई हातात तशीच राहिली माझ्या.

'डेड मॅन्स हँड' मात्र मी चुकून कसारा घाटात ऐकलं, रात्री दीडला, दाजी शेजारी घोरत होते. रस्त्यात मेलेला माणूस सापडतो आणि तो मेलेला बोलायला लागतो. आता कसाऱ्याला पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते हे ऐकत लहानाचे मोठे झालेलो आपण, मी सरळ काचा वर केल्या. दाजींना उठवलं नाही, पण मनात आलं होतं.

सगळंच भारी आहे असं नाही. तोच घुमारा चौदा गाणी, त्यामुळे मधली दोन-तीन एकमेकांत मिसळून जातात, अजूनही मला नावं विचारलीत तर सांगता येणार नाहीत. शब्द पहिल्यांदा कळतच नाहीत, लिरिक्स उघडून बसावं लागतं. आणि कोण कुणाचा कोण हे बँड सांगत नाही, जॉनी कोण, बक व्हर्नन कोण, तुम्हीच जुळवा. मला ते आवडलं, बायकोला नाही, ती म्हणाली गोष्ट सांगायची तर नीट सांगा ना. रेकॉर्ड पण मागवली मी, साडेतीन हजार मोजून, ती ज्याच्याकडून आली त्याने कव्हरचा कोपरा दुमडूनच पाठवली, आणि कव्हरवरचं चित्र श्नायडरचं स्वतःचं, म्हणून जास्तच जीव जळला. वाजते मस्त.

ऐकणार असाल तर शफल बंद करा, रिपीट चालू ठेवा. शेवटच्या गाण्यातला माणूस विनवतो की मला त्या पहिल्या रात्रीत परत ने, गाणं विरतं, आणि लगेच पहिलं गाणं सुरू होतं, 'लव्ह लाइक घोस्ट्स'. घोटी गेल्यावर हे झालं तेव्हा दाजी जागे झाले आणि म्हणाले, अरे हे मगाशी वाजलं होतं ना, आपण पुढे आलोय की नाही?