डुकराची चरबी: इन्सुलिन की वाढीचं संप्रेरक?

भंडारा-गोंदियाकडं राइस मिलमुळे कणी स्वस्त, म्हणून डुकरांना तीच घातली जाते. कणीतल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, रक्तातली साखर चढते आणि इन्सुलिन सुटतं. डुकरात नवी चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींतच बनते, यकृतात फारशी नाही. इन्सुलिन या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावतं, त्यापासून मेदाम्लं (चरबीचे मूळ घटक) बनवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, वाढवतं, शिवाय साठलेली चरबी फुटू देत नाही. भरणारा हातही त्याचा, कुलूपही त्याचंच.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं वाढीचं संप्रेरक उलट वागतं. ते चरबीच्या पेशीवरचा इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतं. मेदाम्लं कमी बनतात, मांस वाढतं. पण ते प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पचून जातं, म्हणून इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात.

मला विचाराल तर गावातल्या पाळणाऱ्यानं सुईमागं लागूच नये. कणी थोडी कमी करा, सोयाबीनची ढेप वाढवा. सरकीची मात्र नको, त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य डुकरांना बाधतं. आणि खच्ची केलेला नर चरबी लवकर धरतो, त्याला कणी आणखी हात राखून घाला.